फिशी शब्दाने अडवलेली पाटी

मासे विकणाऱ्या बाईला लोक पहिली गोष्ट विचारतात ती वासाची. घरी गेल्यावर वास जातो का, लुगड्याला राहतो का, जेवताना जाणवतो का. विचारणारा रुमाल नाकाजवळ धरूनच विचारतो. माझं उत्तर ठरलेलं आहे. ताज्या माशाला माशाचा वास येत नाही. पाण्याचा येतो, शेवाळाचा येतो, थोडा चिखलाचा येतो. ज्याला लांबून वास येतो तो मासा शिळा, आणि तो ताजा म्हणून विकणारी बाई खोटी. वासाबद्दल यापेक्षा जास्त सांगण्यासारखं काही नाही.

दिवाळी अंकवाल्यांनी धंद्यातले अनुभव लिहून मागितले. माझी शाळा चौथीपर्यंत झाली. मला लिहिता येतं, सजवता येत नाही. म्हणून जन्मभराचं काही सांगत बसत नाही. एका इंग्रजी शब्दाने माझ्यावर चोरीचा आळ आला होता, ते सांगते. त्याआधी धंदा थोडा सांगावा लागेल.

उजनी धरणाच्या फुगवट्याचं पाणी आमच्या भिगवणपाशी येतं. आमचे गडी संध्याकाळी जाळी टाकतात आणि पहाटे काढतात. सकाळी बाजारात लिलाव होतो. माल ढिगावर बोलतात. ढिगाच्या वर चांगले मासे मांडायचे आणि खालचे कुणी बघायचे नाहीत, अशी रीत आहे. मी हात घालून खालचाच काढते. आडत्या ओरडतो, "म्हातारे, सगळा ढीग मोडलास." मी म्हणते, "मोडल्याबिगार कळतंय व्हय?" कल्ला उचलून बघायचा, आत लाल पाहिजे. डोळा फुगीर आणि काचेसारखा पाहिजे. बोटाने दाबलं की पडलेला खड्डा भरून आला पाहिजे. मग बर्फ घालायचा, पाटी भरायची आणि चार बायांनी मिळून केलेल्या टेम्पोत बसून बारामती गाठायची. एसटीत कंडक्टर पाटी घेत नाही. घेतली तर पुढच्या फाट्यापर्यंत बोलत राहतो.

सगळ्यात जास्त खपते चिलापी. मान असतो मरळीला. काटे कमी, आणि पाण्याबाहेर काढली तरी बराच वेळ जिवंत राहते. आजाऱ्याला आणि बाळंतिणीला लोक मरळ मागतात.

गिऱ्हाइकं एकेक असतात. बारामतीत भिगवण रस्त्याच्या एका सोसायटीत सगळे नोकरीवाले राहतात. बँकेतले, कोर्टातले, कॉलेजातले. तिथल्या एका साहेबांची आई माळकरी. घरात मासा चालत नाही. साहेब जिन्याखाली उभे राहून मासा घ्यायचे आणि मित्राकडे नेऊन खायचे. फोनवर बोलायला त्यांनी शब्द ठरवले होते. भेंडी म्हणजे चिलापी आणि दोडका म्हणजे मरळ. "मावशी, आज भेंडी कशी आहे?" असा फोन यायचा. मी सांगायचे, "कवळी हाय." एकदा फोन आला तर आवाज बाईचा. त्यांची आईच होती.

"मावशी, उद्या भेंडी आणा किलोभर."

मी म्हटलं, "आणते की."

"आन काटं काढून आणा. मागच्या येळंला पोराच्या घशात भेंडीचा काटा गुतला हुता. दोन दिस नुसता दहीभात खात हुता."

एवढं बोलून तिने फोन ठेवला. मी हे साहेबांना कधी सांगितलं नाही. त्यांना मी भेंडीवाले साहेब म्हणते. पुढे त्यांचा मला उपयोग झाला.

त्याच सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर सरोजिनीबाई राहतात. दवाखान्यात नर्स होत्या, आता घरी असतात. मुलगा पुण्याला, त्या एकट्या. स्वभाव तोंडफटकळ, म्हणून आमचं जमतं. गेटवर तेव्हा पोपटराव होते. कळस गावचे. शेती भावांत वाटली गेल्यावर वॉचमनचा डगला अंगात घातला. मला आक्का म्हणायचे. मी गेटवर आले की म्हणायचे, "या आक्का, आली का उजनी?" आणि दार उघडायचे. कधी एक चिलापी फुकट मागितली नाही. असा माणूस कमी भेटतो.

एका सकाळी त्यांनी दार उघडलं नाही.

"आक्का, आज आत सोडायचं न्हाय."

"का?"

"वरनं आदेश हाय."

"कुणाचा?"

"सेक्रेटरीसायबाचा. ग्रुपवर आलाय."

"काय आलाय?"

"ते तुमाला सांगता यायचं न्हाय."

सरोजिनीबाईंना ताप होता. त्यांनी मरळ सांगून ठेवली होती. मी म्हटलं, आजाऱ्याचा माल आहे, एवढा देऊन येते. नाही. तुम्ही नेऊन द्या. नाही, गेट सोडता येत नाही. मी काय चोर आहे का? तसं मी म्हटलं का? मग काय म्हटलं? असं चाललं. माझा आवाज मोठा आहे. लिलावात वापरायचा आवाज गेटवर वापरला तर रस्त्यावरचे लोक थांबतात, तसे ते थांबले. पोपटराव माझ्याकडे तोंड करून आणि गेटाच्या मोठ्या दाराकडे पाठ करून उभे होते. त्या दारातून गाड्या जात होत्या, येत होत्या. शेवटी पाटीतून बर्फाचं पाणी माझ्या पाठीवर गळायला लागलं. मी निघाले आणि चौकात बसून माल विकला. मरळही दुसऱ्याला दिली.

तिसऱ्या दिवशी भिगवणच्या बाजारात लिलाव चालू असताना एक हवालदार आला. सगळ्यांसमोर त्याने विचारलं, "बारामतीला सोसायटीच्या गेटवर भांडान घालणारी बाई तूच का?"

"व्हय, मीच."

"किती येळ भांडत हुतीस?"

"बरफ वितळंस्तोवर."

माणसं हसली. हवालदार हसला नाही. त्याने सांगितलं ते असं. आमचं भांडण चालू असताना दोन माणसं मोटारसायकलवरून आत गेली. दागिने उजळून देतो म्हणून सरोजिनीबाईंच्या घरात शिरली. पाटल्या कसल्याशा पाण्यात बुडवायला घेतल्या आणि बाईंना गरम पाणी आणायला आत पाठवलं. बाई परत आल्या तेव्हा भांडं होतं, पाटल्या नव्हत्या. आणि सोसायटीचं म्हणणं पडलं की मासेवालीने मुद्दाम वॉचमनला बोलण्यात गुंतवलं.

"पुन्यांदा बोलावलं तर यावं लागंल," म्हणून हवालदार गेला. ज्या आडत्याशी माझा निम्मा जन्म व्यवहार झाला, तो त्या दिवशी माझ्या हाताकडे बघत होता. मी ढिगात हात घातला तर ओरडला नाही. तेव्हा मला काळजी वाटली. आमच्या धंद्यात दुकान नसतं, बोर्ड नसतो. ही बाई खोटी नाही, एवढंच भांडवल. ते गेलं की पाटी घेऊन कुठेही जा, दार उघडत नाही. तसंच झालं. दुसऱ्या दोन कॉलन्यांतले फोन यायचे थांबले.

भेंडीवाले साहेब तेवढे बोलले. "मावशी, ग्रुपवर तुमच्याबद्दल वाईट चाललंय. तुमच्या सुनेच्या फोनवर सगळं पाठवतो. मी पाठवलं म्हणून सांगू नका."

माझी सून जयश्री इंदापूरला शाळेत इंग्रजी शिकवते. संध्याकाळी तिने वाचून दाखवलं. सेक्रेटरी शितोळे साहेबांनी मला अडवलं त्या दिवशी सकाळी लिहिलं होतं, "समथिंग फिशी इज गोइंग ऑन इन अवर सोसायटी. बी अलर्ट अ‍ॅट द गेट." चोरी झाल्यावर कुणीतरी लिहिलं होतं की मासेवालीने नेमकं त्याच वेळी भांडण काढावं, हेच फिशी आहे. त्याखाली हसणारी तोंडं.

मी म्हटलं, "बघ. माझंच नाव लिवलंय. फिश म्हंजे मासा एवढं मला बी कळतं."

"आत्या, तसं नाही. फिशी म्हणजे संशय येण्यासारखं. काहीतरी काळंबेरं."

"मंग त्यात मासा कशाला आणला?"

ती पुस्तकं बघणारी आहे. दुसऱ्या दिवशी शाळेतून बघून आली. म्हणाली, आधी त्या शब्दाचा अर्थ नुसता माशाचा, माशासारखा, माशाच्या वासाचा एवढाच होता. संशयाचा अर्थ नंतर चिकटला. तो कसा चिकटला हे नक्की सांगता येत नाही. कुणी म्हणतं वासामुळे, कुणी म्हणतं मासा हातातून निसटतो म्हणून. माणसाची नजर फिशी म्हटली तर ती थंड, मेलेली.

"आपल्यात पोरीचं नाव मीनाक्षी ठेवत्यात," मी म्हटलं.

"त्यांच्यात नाही ठेवत."

"त्यांनी मेलेला मासा बघितला आसंल. जित्या मरळीचा डोळा बघ म्हणावं. आन आपल्यात संशय आला तर काय म्हणत्यात?"

"पाणी मुरतंय म्हणतात."

"म्हंजे इंग्रजांनी माशावर घातलं, आपण पाण्यावर. दोनी बाजूंनी धंदा आमचाच."

ती हसली. मग म्हणाली, "आत्या, मला वाटतं शितोळे साहेबांनी त्या दोन माणसांबद्दलच लिहिलं असेल. ती आधी फिरून चौकशी करत असतील. तुमचा त्यात संबंध नाही. पण वॉचमनने फिशी वाचलं आणि तुम्हाला अडवलं."

हे मला पटलं. पण मला पटून उपयोग नव्हता. मी जाऊन सांगितलं तर लोक म्हणणार, बाई गोष्ट रचून आली. ते पोपटरावांच्या तोंडून यायला पाहिजे होतं.

शनिवारी कळसला गेले. पोपटराव अंगणात म्हशीला वैरण टाकत होते. मला बघून त्यांचा हात थांबला. त्यांची बायको चुलीपुढे भाकरी थापत होती.

मी विचारलं, "आदेश काय व्हता ते आता तरी वाचून दावा."

त्यांनी डगल्यातून फोन काढला आणि एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचलं.

"म्हंजे काय?" मी म्हटलं.

"म्हंजे, फिशी आपल्या सोसायटीत जातीय. गेटवर ध्यान ठेवा."

"फिशी म्हंजे कोण?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तुमी."

"मी कशी?"

"फिश म्हंजे मासा. आता काकाची काकी, मामाची मामी. तशी फिशची फिशी. मासेवाली बाई."

चुलीपासून त्यांची बायको म्हणाली, "आन बाप्या आसता तर? फिशा?" आणि पीठ लागलेला हात तोंडावर धरून हसायला लागली. मलाही हसू आलं. पोपटरावांना आलं नाही.

जयश्रीने सांगितलेला अर्थ मी त्यांना सांगितला. ते ऐकून घेऊन म्हणाले, "म्हंजे ज्यांना आडवायचं त्यांना सोडलं."

"व्हय."

"आक्का, मी वॉचमन पुरवणाऱ्या कंपनीला धाव्वी पास म्हणून सांगितलंय. सातवीत शाळा सोडली. गेटवर इंग्रजी वाचणारा माणूस पायजे म्हणत हुते. हे सांगितलं तर मला ठेवत्याल?"

"न्हाय ठेवायचे."

"आन न्हाय सांगितलं तर?"

"तर मी चोरांची साथीदार. उद्या सकाळी त्यांची मीटिंग हाय. मी जाणार हाय. तुमचं तुमी बघा."

बायकोचं हसू थांबलं होतं. तिने चहा ठेवला. तो घेऊन मी निघाले. गयावया मला जमत नाही, आणि जमली असती तरी केली नसती. ज्याची भाकरी जाणार त्याला आपण काय समजावायचं?

रविवारी मीटिंग पार्किंगमध्ये होती. प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या. मी खांबाला टेकून उभी राहिले. मला कुणी बोलावलं नव्हतं, पण हाकललंही नाही. शितोळे साहेबांनी सुरुवात केली. कॅमेऱ्यात भांडण दिसतंय, त्याच वेळी मागून मोटारसायकल जाताना दिसतेय. एक वकील म्हणाले, "ही रोज येणारी बाई, हिने त्याच दिवशी एवढा वेळ वाद का घातला?"

मी म्हटलं, "रोज मला आत सोडत हुते म्हणून."

"मावशी, तुम्हाला विचारलं की बोला."

"माझ्यावरच चाललंय आन मला इचारणार कवा?"

तेवढ्यात गेटवरून पोपटराव आले. कामावर असतात तशी टोपी घातलेली. खुर्च्यांच्या पुढे उभे राहिले आणि म्हणाले, "सायेब, बाईला मी आडवलं. आडवलं म्हणून बाई भांडली. तिनं मला गुतवलं न्हाय."

"पण तुम्ही अडवलं का तिला?" शितोळे साहेबांनी विचारलं.

"तुमचा मेसेज आला म्हणून."

"मी मासेवालीबद्दल कधी लिहिलं?"

मग पोपटरावांनी सगळं सांगितलं. काका-काकी, मामा-मामी, फिश-फिशी. दहावी पास नाही, तेही सांगितलं. पहिल्यांदा मागच्या खुर्चीतलं कुणीतरी फिस्सकन हसलं, मग सगळं पार्किंग हसलं. वकील चष्मा काढून डोळे पुसत होते. एका बाईने शेजारणीला "फिशी" म्हणून कोपर मारलं. पोपटराव तसेच उभे. हसणाऱ्या माणसांनी माझ्याकडे बघितलं तेव्हा मला कळलं की माझ्यावरचा आळ गेला. हसून गेला तरी गेला.

हसणं थांबल्यावर सरोजिनीबाई बोलल्या. त्या पहिल्या खुर्चीत बसल्या होत्या, मोकळे हात मांडीवर ठेवून. त्या हसल्या नव्हत्या.

"मेसेज मलाही आला होता," त्या म्हणाल्या. "मीही वाचला. फिशी म्हणजे माशाचा वास. दवाखान्यात डॉक्टर तोच अर्थ घ्यायचे. मला वाटलं, पाण्याच्या टाकीत काहीतरी मेलंय. त्या दिवशी मी पाणी उकळून प्यायले."

त्यांनी शितोळे साहेबांकडे बघितलं.

"ती माणसं आली तेव्हा मी पाण्याचाच विचार करत होते. गरम पाणी आणा म्हणाली, तर म्हटलं, उकळलेलं तयारच आहे."

शितोळे साहेब म्हणाले, "बाई, मला दोन संशयित माणसं फिरताहेत असं म्हणायचं होतं. आदल्याच दिवशी कुणीतरी सांगितलं होतं."

"मग तसं लिहायचं होतं. दोन माणसं, मोटारसायकल. मराठीत."

साहेबांनी मान हलवली. त्यांचं वाईट करायचं मनात नव्हतं, हे मलाही दिसत होतं. सवयीने लिहून गेले. चांगल्या मनाने लिहिलेल्या एका शब्दाचे तीन अर्थ तीन माणसांनी काढले. त्यातला लिहिणाऱ्याच्या मनातला अर्थ जिच्या कामी आला असता, तिच्यापर्यंत तोच गेला नाही. पाटल्या गेल्या त्या गेल्याच. त्या माणसांचा पत्ता अजून लागलेला नाही.

शेवटी ठरलं की मासेवालीवर संशय नाही. हवालदाराला तसं कळवायचं. मला साहेब म्हणाले, "मावशी, उद्यापासून येत जा." मी काय बोलणार? राग घरात ठेवला तर टिकतो, मासा टिकत नाही. मी येते म्हटलं.

पोपटरावांना कंपनीने महिना संपल्यावर काढलं. खोटी शाळा सांगितली म्हणून. सरोजिनीबाईंनी आणि भेंडीवाल्या साहेबांनी सह्या करून दिल्या होत्या की ठेवा, पण नियम नियम असतो म्हणे. ते आता कळसलाच असतात, म्हशी बघतात. माझं नाव धुऊन निघालं ते त्यांच्या पोटावर. हे लिहायला मला बरं वाटत नाही, पण खरं आहे म्हणून लिहिलं. त्यांच्या जागी आता इंग्रजी वाचणारा जवान पोरगा आहे. पहिल्या दिवशी मी पाटी घेऊन गेटवर मुद्दाम थांबले. कोण, कुठली, कुणाकडे, काहीतरी विचारेल म्हणून. त्याने फोनमधून मान वर केली नाही. मी आत गेले.

तिसऱ्या मजल्यावर सरोजिनीबाईंनी दाराला नवी साखळी बसवून घेतली आहे. मी घंटी वाजवली. आतून आवाज आला, "कोण?"

एवढं सगळं माझ्या नावावरून झालं होतं. म्हटलं, आज नाव सांगावं.

"गिरिजा."

"कोण गिरिजा?"

आतून पावलं दारापर्यंत आली आणि थांबली. साखळी काढल्याचा आवाज आला नाही. बाईंचं बरोबर होतं. इतकी वर्षं मासे घेतले, नाव त्यांनी विचारलं नव्हतं आणि मीही सांगितलं नव्हतं.

"मासेवाली," मी म्हटलं.

दार उघडलं. मी पाटी उतरवली आणि मरळ साफ करायला बसले.